मोहदरीच्या रिंगणातली दुसरी हाक

भागवत, आधी ते लाकूड आत सरकव. जाळ कमी झाला तर हळद कच्ची ऱ्हाईल, आन सकाळी तुझा बाप मलाच बोलंल की उकंडतात्या रातभर गप्पा हाणत बसले म्हणून. हां, असं. आन दीपक, तुझ्या मोबाईलची ती बत्ती मालव बाबा, डोळ्यात खुपून राहिली. जाळाचा उजेड हाये की एवढा.

काय इचारत होतास? मोहदरीच्या तलावातलं रिंगण? दिसलं का तुला बंधाऱ्यावरून? सगळ्या तळात गवत आन तेवढी गोल पट्टी उघडी. सांगतो. पण मधी बोलायचं न्हाई. मधी कोणी खिदळलं, तर मी उठलो समजा. मंग शिजवत बसा तुमची हळद.

ही बाबूसिंगची गोष्ट हाये. मोहदरी तांड्याचा बाबूसिंग राठोड, आपल्या शिवाराला लागूनच त्याचा तुरीचा तुकडा. लई चांगला माणूस, पण बोलायला कंजूष. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, आमी दोघंच होतो तवा, आन सांगताना माझा हात असा धरून ठेवला होता की मनगट दुखलं. त्यातलं थोडं मी माझ्या डोळ्यानं पाह्यलेलं हाये. म्हणून मला कोणी खोटं पाडायच्या भानगडीत पडू नका.

दोन हजार सहा साल. होळी होऊन चौथी रात. अमावस्या-बिमावस्या काही न्हवती, उगं भलतं मनात आणू नका. चंद्र उशिरा उगवणार होता, एवढंच. मी तवा सेनगाव-हिंगोली काळी-पिवळी जीप चालवायचो. शेवटची ट्रिप टाकून रिकामा येऊन राहिलो होतो, तर मोहदरीच्या फाट्यावर कोणी हात केला. पाह्यलं तर विकास. बाबूसिंगचं एकुलतं एक पोरगं. बारावीचे पेपर चालू होते त्याचे, मामाची मोटरसायकल घेऊन सेनगावला गेला होता.

"उकंडकाका, तेल सपलं," म्हणला.

मी खाली उतरलो, टाकीचं झाकण काढलं, गाडी धरून गदागदा हलवली. थेंबाचाबी आवाज न्हाई. माझी जीप डिझेलवर, माझ्या तेलाचा त्याला काय उपयोग? म्हणलं, "गाडी ठेव इथंच, बस जीपमधी." तर म्हणे, "मामाची गाडी हाये काका, कोणी उचलून नेली तर मामा माझी चामडी सोलंल. तुमी बा ला सांगा फक्त." आन बसला तिथंच दगडावर, पाय हलवत. भ्यालेलं-बिलेलं काही न्हाई. मजेत होतं पोरगं.

मी तांड्यावर जीप घातली. बाबूसिंग जेवून अंगणात बाजेवर पडला होता, रुक्माबाई त्याची बायको, ती भांडी घासून राहिली होती. निरोप सांगितला. ते लोक घरी त्यांच्या गोरमाटीत बोलतात, मी आपल्या बोलीत सांगतो. रुक्माबाई म्हणली, "लवकर घेऊन या त्याला. सोमवारी पेपर हाये, रातभर तिथंच गप्पा हाणत बसू नका बापलेक." बाबूसिंग हसला. तांड्यातल्या जळबाच्या किराणा दुकानात पाण्याच्या बाटल्यांत भरून पेट्रोल मिळायचं. दोन बाटल्या त्यानं पिशवीत टाकल्या, बॅटरी घेतली आन निघाला. फाटा काही लांब न्हाई. बिडी ओढत ओढत माणूस पोचतो. मीबी माझ्या घरी आलो आन जेवून झोपलो.

आता इथं रिंगणाचं सांगावं लागंल. त्याच्याबिगर पुढचं कळायचं न्हाई.

मोहदरीचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधलेला. पाझरच जास्ती, तलाव कमी. दिवाळी सरली की तळ उघडा. त्या तळात एक जुनी विहीर गेलेली हाये. बंधारा बांधताना तिचा कठडा उचकटून दगड वापरले, आन विहीर राहिली तशीच, उघडं तोंड घेऊन. तिच्या बराबर समोर, तळाच्या दुसऱ्या अंगाला, एक लिंब.

नव्वदच्या पुढं कवातरी तिथं एक सायकलवाला आला. तुमी असले लोक पाह्यले नसतील. सात दिवस सायकलवरून खाली पाय टेकवायचा न्हाई, गोल गोल फिरत ऱ्हायचं. मधी खांब, खांबावर भोंगा, गाणी चालू. त्याची आंघोळ सायकलवर, दाढी सायकलवर, जेवण सायकलवर. बाया लेकरं घेऊन बघायला यायच्या. सात दिवसांनी तो गेला, पण मातीत गोल उमटून राहिला, एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला लिंब. मंग गावातल्या टग्यांनी त्याच गोलात राजदूत मोटरसायकल घातली. मंग कोणी येझदी आणली. आन त्यातून सुरू झाली मोहदरीची रेस.

हसू नका. लई मोठं प्रकरण झालं होतं ते. तवा आपला जिल्हा परभणीच होता. परभणीहून, वाशीमहून, जिंतूरहून गाड्या यायच्या. लगीनसराई सरता सरता, वैशाखात, सांजेला दिवे लावून रेस सुटायची. जनरेटर, ट्यूबलाईटी, भज्यांचे गाडे, बंधाऱ्यावर माणूसच माणूस. पण जोरात कोण पळतं ह्याला तिथं किंमत न्हवती. सायकलवाल्याचाच कायदा त्यांनी उचलला होता. रिंगणात फिरत ऱ्हायचं. ज्याचा पाय टेकला तो बाद. शेवटी जो एकटा चालता ऱ्हाईल, तो जिंकला. एकदा टाकी भरली की रातभर पुरायची.

आता रातभर गोल फिरून माणसाचं काय होतं? घेरी येते. धुरळ्यानं डोळे भरतात. झोप कवा लागली हे ज्याचं त्याला कळत न्हाई. म्हणून दर गडी आपला एक माणूस लिंबाखाली उभा करायचा. त्याला हाक्या म्हणायचे. भाऊ, बाप, मामा, कोणीबी रक्ताचं. आपला गडी आता पार थकला, पडंल, असं दिसलं की हाक्यानं त्याच्या नावानं हाक द्यायची. आपल्या मनानं उतरला तर लोक हसायचे. हाक्यानं उतरवला तर कोणी नाव ठेवत न्हवतं.

पण एका हाकेला कोणी थांबायचं न्हाई. काहून? अरे, रातच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे तुमच्याबी आज्यानं सांगितलं असंल. आपलं माणूस दोनदा हाक मारतं, ते दुसरं एकदाच मारतं. त्या विहिरीमुळं लोक तसेबी दचकून होते. म्हणून कायदा असा की पहिली हाक आली की गड्यानं डावा हात वर करायचा, म्हणजे ऐकलं. तशीच अजून एक फेरी मारायची. फिरून लिंबाखाली आला की हाक्यानं दुसरी हाक द्यायची. मंगच पाय टेकवायचा. एका फेरीला एक हाक. लिंबाखालीच. दुसरीकडं कुठं ओरडून इंजनाच्या आवाजात ऐकूबी जायचं न्हाई.

सत्त्याण्णवच्या रेसमधी बाबूसिंगचा धाकटा भाऊ उतरला. भीमसिंग. सगळे त्याला भीमा म्हणायचे. एका अंगाला झुकून, डावं कोपर बाहेर काढून गाडी चालवायचा, लांबून ओळखू यायचा. आईबाप गेलेले, बाबूसिंगनंच त्याला वाढवला. हाक्या अर्थात बाबूसिंग. तोवर दर साली गाववालेच जिंकायचे, तांड्याचा एकबी गडी सकाळपर्यंत टिकला न्हवता, आन त्यावरून लोक लई टोमणे मारायचे. त्या राती तांडा झाडून सगळा बंधाऱ्यावर बसला होता.

पहाट व्हायच्या आधी दोघंच उरले. भीमा आन एक जिंतूरचा. बाबूसिंगनं पाह्यलं, भीमाची मान पडून राहिली. त्यानं हाक दिली, "भीमाss!" भीमानं डावा हात वर केला. गेला पुढं. आन तेवढ्यात त्या जिंतूरवाल्याचा दिवा हालला. गाडी लटपटली. तांड्याची माणसं उठून उभी राहिली. बाबूसिंगच्या मनात आलं, एकच फेरी. एक फेरी अजून, की तो पडतोच. मंग तांड्याचं नाव. भीमा फिरून लिंबाखाली आला. बाबूसिंगकडं तोंड करून पाह्यलं त्यानं. हाकेची वाट पाह्यली. बाबूसिंग गप बसला.

त्याच फेरीला भीमा विहिरीत गेला. रेसच्या वक्ताला विहिरीभवती बाभळीची काटेरी फांजर लावायचे, ती फांजर घेऊनच गेला.

तवापासून रेस बंद. पोलीस आले, पंचनामा झाला, भोंगे गेले, सगळं गेलं. बाबूसिंगनं त्या तलावाकडं फिरून पाह्यलं न्हाई. रानात जायला जवळची वाट तिथून होती, हा गडी वळसा घालून जायचा. घरात भीमाचं नाव काढायचं न्हाई. विकासला तर काकानं विहिरीत जीव गमावला एवढंच ठाऊक. रेस कशी असायची, हाक्या कोण, हात कवा वर करायचा, ह्यातला एक शब्द त्या लेकराच्या कानावर घातला न्हवता. बापच सांगत न्हाई म्हणल्यावर तांड्यातबी कोणी बोलत न्हवतं.

हे ध्यानात ठेवा. आता त्या रातीकडं चला.

बाबूसिंग फाट्यावर आला. कोणी न्हाई. दगड होता, विकास न्हवता. गाडीबी न्हाई. दगडापाशी विकासच्या चपला होत्या, एकीला एक लावून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतो तशा. बाबूसिंगला वाटलं, तेल मिळालं असंल कोणाकडून, गेला असंल घरी. पण चपला? आन घरी गेला असता तर वाटेत भेटला असता की.

त्यानं बॅटरी खाली मारली. धुळीत चाकाचा माग होता. माग तांड्याकडं जात न्हवता.

मंग त्याला आवाज आला. मोटरसायकलचा. लांबून. जवळ येऊन राहिला, मंग लांब चालला. फिरून जवळ, फिरून लांब. बाबूसिंग तिथंच थांबला. त्यो आवाज कशाचा, हे त्याच्या अंगाला आधी कळलं, डोक्याला मागून. नऊ वर्सांमागं रातभर ऐकलेला आवाज त्यो.

पळाला. पिशवीतल्या बाटल्या एकीवर एक आपटत होत्या. बंधारा चढला. वरून पाह्यलं... खाली तळात एक दिवा. गोल फिरून राहिला.

"विकास!" त्यानं वरूनच बोंब मारली. दिवा फिरत राहिला.

घसरत घसरत खाली उतरला. रिंगणाच्या कडंला आला. गाडी त्याच्या समोरून गेली, हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळून. विकासच होता. पाय उघडे. डोळे उघडे, पण कुठं बघून राहिला ते कळंना. आन पोरगं एका अंगाला झुकलेलं. डावं कोपर बाहेर.

बाबूसिंगच्या हातातली पिशवी गळून पडली. तवा त्याच्या ध्यानात आलं. तेल आपल्या पिशवीत हाये. उकंडनं टाकी हलवून पाह्यली म्हणला होता. मंग ही गाडी चालून राहिली कशावर?

विकास त्याचा जीव होता, पोरांनो. रुक्माबाईची दोन लेकरं पाळण्यातच गेली, त्यावर हे. ह्याला शिकवायचं, साहेब करायचं, ह्याच्यासाठी ती दोघं नवराबायको उसाच्या तोडीला जायची. बाबूसिंगनं मागंपुढं पाह्यलं न्हाई. सरळ रिंगणात घुसला, दोन हात पसरून गाडीच्या समोर उभा राहिला. म्हणला, चाक माझ्या छातीवर चढंल, चढू दे. पण थांबंल तर खरं.

दिवा आला. अंगावरच आला. आन ऐनवक्ताला बाजूला वळला. बाहेरच्या अंगाला. विहिरीच्या अंगाला.

आता तिथं फांजर न्हवती. कठडा तर कवाच न्हवता. चाक विहिरीच्या काठापासून हातभर अंतरावरून गेलं. फिरून समोर उभं ऱ्हायची बाबूसिंगची हिंमत झाली न्हाई. उभा राहिला तर पोरगं अजून बाहेर वळणार, हे त्याला कळून चुकलं. पण फेऱ्या जशा वाढल्या, तशी गाडी आपोआपच बाहेर सरकून राहिली. दर फेरीला थोडी. हातभराचं वीतभर झालं.

काय करावं माणसानं? सांगा. तांड्याकडं पळावं तर येईस्तोवर संपलं. गाडीमागं पळाला, कॅरिअर धरायला गेला, तोंडावर आपटला. ओठ फुटला. उठला, फिरून पळाला. "विकास, बाळा, थांब रे!" रडून राहिला होता तो. सोताच सांगितलं मला, "उकंड, मी लेकरासारखा रडलो." नागनाथाला नवस बोलला, सेवालाल महाराजाला बोलला. इंजनाच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येत न्हवतं.

मंग त्याला लिंब आठवला.

रिंगण ओलांडून लिंबाखाली गेला. नऊ वर्सांमागं जिथं उभा होता, बराबर तिथं. बुंध्याला हात लावला. दिवा विहिरीकडून वळला... आला... आला... लिंबासमोर आला. बाबूसिंगनं बेंबीच्या देठापासून हाक दिली.

"विकाssस!"

पोरानं डावा हात वर केला.

आन गेला पुढं.

त्या लेकराला हे कोणी शिकवलं न्हवतं. कोणीच न्हाई. पहिल्या हाकेला हात वर करून पुढं जायचं... हे ज्याला ठाऊक होतं, तो तर...

"भीमा," त्याच्या तोंडून निघालं. हाक न्हवे. सोताशीच.

तवा त्याला सगळं उलगडलं, आन उलगडलं म्हणूनच तो पार खचला. विकासला एक हाक देऊन झाली होती. भीमालाबी एक दिलेली होती, ह्याच जागेवर, नऊ वर्सांमागं. दोघांची एकेक बाकी. विकास म्हणून हाक द्यावी, तर हँडलवर हात विकासचे न्हाईत. ते हात ऐकणार न्हाईत. भीमा म्हणून द्यावी... तर थांबंल. भीमा नक्की थांबंल. नऊ वर्सं त्याच हाकेसाठी तर थांबला हाये. पण थांबल्यावर घरी कोण येईल?

तिकडं विहिरीपाशी गाडी गेली. चाकाखालचा दगड निसटला. खाली गेला... पडल्याचा आवाज आला. लई उशिरानं आला.

म्हणजे हीच फेरी. आता फिरून विहिरीपाशी गेली की संपलं.

दिवा वळला.

बाबूसिंगनं डोळे मिटले. उघडले. पोराचं तोंड दिसून राहिलं, धुरळ्यानं पांढरं झालेलं. बारकं असताना ताप आला की असंच दिसायचं. रुक्माबाई दारात वाट पाहत असंल...

दिवा जवळ आला.

ओठ हालले. घशात धुरळा. थुंकला. रगत पडलं.

अजून जवळ.

लिंबासमोर आला. विकासचं तोंड बाबूसिंगकडं वळलं. बराबर तसंच. वाट पाहून राहिलेलं...

"भीमाsss!"

गाडी थांबली.

एकदम. ब्रेक न्हाई, घसरणं न्हाई. डावा पाय खाली टेकला. इंजन बंद. दिवा बंद.

काहीच आवाज न्हाई. रातकिडेबी न्हाईत.

बाबूसिंग पुढं झाला. चाचपडत. हाताला खांदा लागला. थंडगार. पोरगं सीटवरून कलंडलं ते त्याच्या अंगावर. त्यानं मिठी मारली. छातीला कान लावला... चालू होती. धडधड चालू होती. "हाये रे माझं बाळ, हाये," एवढंच बडबडत त्यानं पोराला पाठीवर घेतलं आन निघाला. गाडी तिथंच. बॅटरी कुठं पडली पत्ता न्हाई. काट्याकुट्यातून, अंधारात. अर्ध्या वाटेत पाठीवरच्या पोरानं हळूच दोन्ही हात त्याच्या गळ्यात घातले. बाबूसिंगला जरा धीर आला. रुक्माबाई कंदील घेऊन वेशीपर्यंत आली होती. तिनं काय झालं म्हणून लई इचारलं. "गाडीवरून पडला" म्हणला.

थांब भागवत. सपलं न्हाई अजून.

विकास वाचला. त्यात वाद न्हाई. पुढं त्यानं बारावी काढली, आता हिंगोलीला मोंढ्यात कामाला हाये, मागल्या साली लगीन झालं, मी सोता अक्षता टाकल्या. आईला आई म्हणतो, बापाला बा. त्या रातीचं त्याला काही म्हणजे काही आठवत न्हाई. दगडावर बसलो होतो, डोळा लागला, एवढंच सांगतो. फिरून कवा तकलीफ झाली न्हाई त्याला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप घेऊन तांड्यावर गेलो होतो. गाडी आणायची म्हणून बाबूसिंगनं निरोप धाडला होता. आमी दोघं तलावात गेलो, गाडी लिंबाखाली स्टँडबिगर उभी होती. मीच टाकीचं झाकण काढलं. आत बोट घातलं. कोरडं निघालं. आमी ती ढकलत आणली आन घरापाशी लावली.

आत रुक्माबाई पोराच्या उशाशी बसलेली. रातभर हालली न्हवती ती तिथून. नुसती त्याच्या केसांतून हात फिरवत. बाबूसिंग उंबऱ्यात बसला, आत गेला न्हाई. पोराकडं बघतबी न्हवता. मला तवा काही कळंना, पोरगं वाचलं तरी हा असा काहून बसला म्हणून. राती त्यानं कोणतं नाव घेऊन हाक दिली, हे मलाबी ठाऊक न्हवतं, रुक्माबाईलाबी न्हवतं.

तेवढ्यात पोरगं जागं झालं. उठून बसलं. रुक्माबाईला लई आनंद झाला. तिनं तांब्यानं पाणी दिलं. सगळं पिऊन टाकलं त्यानं घटाघटा. तांब्या खाली ठेवला. तोंड पुसलं. घरात चहूकडं पाह्यलं, लई दिसांनी घरी आलेलं माणूस पाहतं तसं. मंग तिच्याकडं बघून जरासं हसला.

"रातभर पोटात काही न्हाई," म्हणला. "भाकर हाये का, वहिनी?"